रत्नाक्काचे जावई

रत्नाक्का माझ्या उंबऱ्यावर बसून ओकत होती आणि तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. दुपारचे बारा वाजले असतील. पोटात काही उरलं नव्हतं, नुसतं पिवळं पाणी येत होतं आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास होता. मी तिची मान धरली. तेवढ्यात तिच्या पदराच्या काठातून एक ढेकूण बाहेर आला, रक्त पिऊन टरारलेला, आणि माझ्या अंगठ्याकडे चालू लागला. मी तिची मान सोडली, आधी तो ढेकूण चिरडला, मग मान परत धरली.

"मावशी, पाणी," ती म्हणाली. दिलं. तेही बाहेर आलं.

शेजारच्या तिच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत ढेकूण मारायला तिने धान्याच्या गोदामातल्या विषारी गोळ्या ठेवल्या होत्या, आणि त्याच खोलीत बसून ती सकाळपासून भाकऱ्या थापत होती. बाई मूर्ख नव्हती. म्हणून तर तिच्याविषयी सांगावंसं वाटतं.

जुन्या हुबळीत आमची चाळ आहे. एका रांगेत सहा खोल्या, मातीच्या भिंती, वरून चुना. दोन खोल्यांमधली भिंत आढ्यापर्यंत जात नाही, वर हातभर मोकळं आहे. एकीकडे कुणी कूस बदलली तरी दुसरीकडे कळतं. माझ्या शेजारी रत्नाक्का आणि तिची सासू राहत. नवरा कधीच गेला होता, मूल नव्हतं. सासू कलघटगीकडची, तिला सगळे अव्वा म्हणत. रत्नाक्का आमच्याशी मराठी बोलायची, अव्वाशी कानडी, आणि शिव्या नेहमी कानडीत द्यायची. मराठी शिवीला धार नाही असं तिचं मत होतं.

अंगाने ठेंगणी आणि आडवी. भाकऱ्या थापून थापून उजवा खांदा डाव्यापेक्षा वर गेलेला. कडक भाकऱ्या करून ती बाजारातल्या एका खानावळीला द्यायची, त्यावर दोघींचं चालायचं. सकाळी चूल पेटली की थापण्याचा आवाज सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत. चाळीच्या तोंडाशी घरमालक शिवण्णाचं घर आहे. तो म्हणायचा, मला घड्याळ नको, रत्नाक्का पुरे. प्रत्येक भाकरी तव्यावरून काढली की ती दारात येऊन उजेडापुढे धरायची. भोक किंवा चीर दिसली की बाजूला. तुटकी भाकरी तिने कधी विकली नाही. मी एकदा म्हणाले, एवढ्याशा चिरेने काय होतं, दे ढकलून. तर म्हणते, "भाकरी आहे, मावशी, नवरा नाही. फाटकी चालवून घ्यायला."

केसांना पांढरं फडकं बांधल्याशिवाय पिठाला हात लावायची नाही. पिठाच्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपायचा नाही. मी एकदा झाकण उघडून पाहिलं तर दोन दिवस माझ्याशी तिरकं बोलत होती. अशा बाईच्या घरात ढेकूण झाले. आमच्यासारखीच्या घरात झाले असते तर एवढं काही वाटलं नसतं.

ते तिने स्वतः आणले, हातगाडीवर घालून. अव्वा न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरने सांगितलं, खाली जमिनीवर झोपवायचं नाही. रत्नाक्का दुर्गदबैलच्या बाजारात ज्वारी आणायला जायची, तिथे जुन्या सामानवाल्याकडे तिला एक खाट दिसली. सागवानी, उशाकडे वेलबुट्टी कोरलेली. हातगाडीवर खाट, खाटेवर ज्वारीचं पोतं, आणि शेजारून ही चालत आली, लग्नाची वरात असल्यासारखी. चाळीतल्या सगळ्यांनी खाटेवरून हात फिरवला. मी वाकून सांध्यात पाहिलं. मोहरीएवढे काळे ठिपके होते, आणि वाळक्या पांढुरक्या सालपटांची रांग.

"हिला आधी उकळतं पाणी पाज," मी म्हणाले. "सांध्यासांध्यातून. दोन-तीन दिवस उन्हात टाक."

"मावशी, तुमचं नाक नेहमी वाईटच शोधतं. अव्वाला मी दोन-तीन दिवस कुठे झोपवू?"

एक किटली पाणी तिने वरवर ओतलं, पुसलं, आणि अव्वाला खाटेवर घातलं. आठ दिवसांत अव्वाच्या पाठीवर फोड आले, एका रेषेत तीन, परत तीन.

पुढचं सांगताना मला अजून किळस येते. ढेकूण हा काही वाघ नाही की कुणाला सांगितलं तर मान मिळेल. तो घाणेरडा आहे, चपटा आहे, आणि पळतोसुद्धा धड नाही. महिन्या-दोन महिन्यांत रत्नाक्काच्या भिंतीचा चुना तांबूस दिसू लागला, कारण चिरडून चिरडून बोटांचे फराटे उमटले होते. खाटेच्या सांध्यात होते, दाराच्या बिजागरीत होते, कॅलेंडरच्या मागे होते, विजेच्या बटणाच्या डबीत होते. खाटेचे पाय तिने पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तर ते भिंतीवरून चढून आढ्यावरून खाली पडायचे. खोलीत गेलं की सडक्या कोथिंबिरीसारखा गोडसर, ओशट वास यायचा. अव्वाला कूस बदलता येत नव्हती, पाठ खाजवता येत नव्हती. ती नुसती पडून खाल्ली जात होती. फोडांतून पाणी, पाण्याची खपली, खपलीवर परत चावा. मी तिची पाठ एकदाच पाहिली.

रत्नाक्का दुपारी भाकऱ्या पोचवून आली की सेफ्टी पिन घेऊन खाटेशी बसायची आणि चिरांतून एकेक उकरून साबणाच्या पाण्यात टाकायची. तोंडाने चालूच. "या, जावईबापू. जेवण झालं? आंघोळ करून घ्या." ढेकणांना ती जावई म्हणायची. दिवसभर झोपतात, अंधार पडला की जेवायला बसतात, आणि जा म्हणता येत नाही, म्हणून जावई. मुलगी नसताना एवढे जावई कुणाला मिळतात, असं वर म्हणायची. हळूहळू चाळीतल्या बायकाही तेच म्हणू लागल्या, कारण ढेकूण हा शब्द मोठ्याने उच्चारायची कुणाला सोय नव्हती. शिवण्णाच्या कानावर गेला तर ज्याच्या तोंडून निघाला त्याचीच खोली आधी तपासली गेली असती.

मग ते भिंतीवरून माझ्याकडे आले. माझ्या उशीखाली पहिला सापडला त्या सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले.

"तुझे जावई माझ्याकडे आलेत."

"करा थोडा पाहुणचार, मावशी. मला एकटीला झेपत नाही."

मी हसले नाही. तीन दिवस बोलले नाही. पण शिवण्णाला सांगितलंही नाही. तिच्यासाठी नव्हे. माझ्या उशीखालचा कुणाचा, असं त्याने विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते.

त्याच सुमाराला खानावळीतलं झालं. त्या दिवशी तिचा खांदा फारच धरला होता, म्हणून दुरडीचा एक कान मी धरला आणि सोबत गेले. खानावळवालीने नेहमीप्रमाणे फडकं उघडलं, वरच्या दोन-तीन भाकऱ्या उचलून पाहिल्या, आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या भाकरीवर एक तपकिरी, चपटा दाणा होता. तो हलला नाही, पण मला माहीत होतं तो काय आहे. रत्नाक्कालाही.

"इदेन, अक्का? हे काय?" खानावळवालीने विचारलं.

"जवस," रत्नाक्का म्हणाली. "सकाळी चटणी वाटत होते. उडाला असेल."

आणि तिने दोन बोटांनी तो उचलला, तोंडात टाकला, दाताखाली फोडला आणि गिळला. खानावळवालीच्या डोळ्यांत बघत. आवाज न बदलता म्हणाली, "या वेळचा जवस चांगला आहे. उद्या चटणी आणते थोडी." खानावळवालीने भाकऱ्या मोजून आत नेल्या.

परत येताना ती गल्लीच्या कोपऱ्यावर गटाराशी बसली आणि घशात बोटं घातली. नंतर घरी येऊन राखेने दात घासले, मीठ घासलं, परत राख. माझ्या मनात येत होतं की त्या ढेकणाच्या पोटात अव्वाचं रक्त होतं. ते मी बोलले नाही. पण एक विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"चव कशी होती?"

"कोथिंबिरीसारखी," ती म्हणाली. त्यानंतर तिच्या घरात कोथिंबीर आलेली मी पाहिली नाही.

शेवटच्या खोलीतल्या कुणीतरी शिवण्णाकडे चुगली केली. तो एका सोमवारी खोल्या बघायला आला, नाकाला रुमाल लावून. रत्नाक्काला आधी कळलं होतं. तिने खाट साबणाने घासली होती, भिंतीला घाईने चुन्याचा हात दिला होता, आणि भर उन्हाळ्यात अव्वाला लांब बाह्यांचं पोलकं घालून गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं होतं. अव्वा घामाने भिजली होती.

"अव्वा, बऱ्या आहात ना?" शिवण्णाने दारातूनच विचारलं.

"तगणी कडीताव, यप्पा," अव्वा म्हणाली. ढेकूण चावतात, बाबा.

"तिला भास होतात," रत्नाक्का लगेच म्हणाली. "कालपासून मेलेल्या भावाशी बोलते आहे."

अव्वाने पांघरूण सारलं आणि दुसऱ्या हाताने बाही वर ओढली. शिवण्णा दोन पावलं मागे झाला आणि आपली पँट झटकू लागला. माणूस वाईट नाही. त्याने आरडाओरडा केला नाही.

"अक्का, सहा खोल्या आहेत. तुमच्यामुळे पाच माणसं खोल्या सोडून जातील. मी रविवारी येतो. एक जरी दिसला तरी तुम्ही खोली खाली करा. मला पुन्हा बोलायला लावू नका."

तो गेल्यावर मला वाटलं ती अव्वाला टाकून बोलेल. ती खाटेच्या कडेला बसली, अव्वाची बाही खाली केली आणि म्हणाली, "साक्ष द्यायला हिला आजच शुद्ध आली."

दोन दिवस ती भाकऱ्या पोचवून झाल्या की खोल्या बघत फिरली. घरात कोण कोण, असं लोक विचारत. अंथरुणाला खिळलेली सासू म्हटलं की खोली आत्ताच दुसऱ्याला दिली असायची. एका बाईने तर हिच्या लुगड्याचा वास घेऊन पाहिला. कलघटगीला दीर होता. त्याला फोन केला, तर म्हणाला आमच्याकडे जागा नाही, गोठासुद्धा पाडला. मी म्हणाले, खोली गेली तर तू कुठेही राहशील, अव्वाला कुठे घालशील. ती म्हणाली, "तेच तर मी सोमवारपासून विचारते आहे स्वतःला, मावशी. तुम्ही आज विचारलंत."

गुरुवारी ती दुर्गदबैलहून आली ती गोळ्या घेऊन. ज्या दुकानातून ती ज्वारी घ्यायची तिथल्या हमालाने दिल्या. गोदामात पोत्यांना कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या. त्याने बजावलं होतं, ठेवल्या की बाहेर पडायचं, दार बंद करायचं, आणि काही दिवस आत पाऊल टाकायचं नाही. हे तिनेच मला सांगितलं. तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

शुक्रवारी सकाळी अव्वाला माझ्या खोलीत आणायचं ठरलं. मी अटी घातल्या. नळावर तिला डोक्यापासून धुवायचं, अंगावरचे कपडे जाळायचे, माझ्या धुतलेल्या चादरीवर घालायचं, तिची एक चिंधीसुद्धा आत आणायची नाही. रत्नाक्काने सगळं केलं. मग तिने काठवट उचलली. पीठ मळायची ती लाकडी काठवट तिच्या आईची होती, जुनी, बुडाला चिरलेली.

"काठवट माझ्या घरात नको," मी म्हणाले. "त्या चिरेत काय असेल कुणाला ठाऊक."

"बरं," ती म्हणाली आणि काठवट परत घेऊन गेली.

गोळ्या ठेवून ती बाहेर आली, दार ओढलं. ओसरीवर बसून एक कप चहा प्यायली. बशीत ओतून, फुंकर मारून, नेहमीसारखी. मग उठून केसांना फडकं बांधू लागली.

"कुठे चाललीस?"

"थापायला."

"त्या खोलीत?"

"माझी चूल तिथेच लिंपलेली आहे. आणि आज आवाज आला नाही तर शिवण्णा अर्ध्या तासात दारात असेल. रत्नाक्का आजारी आहे का, म्हणून दार ढकलेल. गोळ्या दिसल्या तर रविवारची वाटसुद्धा बघणार नाही."

"मरशील."

"त्याच गोळ्यांतली ज्वारी आपण जन्मभर खातो, मावशी. मेलो का? धान्यातले पोरकिडे मरतात. आपण काय पोरकिडे आहोत? मी दाराशी बसते, चुलीच्या धुराबरोबर वास वरून निघून जाईल."

माझ्याकडे शेगडी होती. काठवट आत घे, माझ्याकडे थाप, लहान तव्यावर होतील तेवढ्या कर, एवढं म्हणता आलं असतं. थापण्याचा आवाज तर माझ्या खोलीतूनही शिवण्णाला गेला असता. मला त्या चिरेतल्या ढेकणांची किळस आली होती आणि ती किळस मी धरून बसले.

ती थापू लागली. मी अव्वाजवळ बसून भिंतीवरून ऐकत होते. वरच्या मोकळ्या जागेतून धूर यायचा, आणि धुराबरोबर लसणीसारखा एक वास. लसूण आमच्याकडे कुणी चिरली नव्हती. माझं डोकं दुखायला लागलं. अव्वाला एकदा उमासा आला, मी तिचं तोंड पुसलं आणि माझ्या खोलीचं दार सताड उघडून ठेवलं. पलीकडचा आवाज आधी ठरल्या चालीवर होता. मग मध्ये मध्ये थांबू लागला. दोन थापा आणि खंड. परत दोन. मी हाक मारली तर म्हणाली, "झालं, थोडं पीठ उरलंय." परत हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही, आणि मग ती भिंत धरत धरत माझ्या उंबऱ्यापर्यंत आली.

मी ओरडले तेव्हा पहिला धावत आला तो शिवण्णाच. त्याने रिक्षा बोलावली. मला तिच्याबरोबर जाता येईना, कारण तोपर्यंत मलाही ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि अव्वा चादरीवर ओकत होती. त्याने आणि रिक्षावाल्याने तिला उचलून बसवलं. तिच्या पिठाचे हात शिवण्णाच्या शर्टावर उमटले. तिचे ओठ निळसर पडले होते, छातीवर कुणी बसल्यासारखी ती श्वास ओढत होती, पण शुद्ध पूर्ण होती.

"गोळ्या आहेत आत," तिने शिवण्णाला सांगितलं. "दार उघडं टाकून सगळ्यांना बाहेर काढा. आत जाऊ नका." लपवायचं ते सगळं तिने स्वतः सांगून टाकलं.

मग रिक्षातून मान बाहेर काढून मला म्हणाली, "मावशी, त्या भाकऱ्या कुणाला देऊ नका. पुरा. कुत्र्यालासुद्धा नको." आणि रिक्षा हलली तशी, "दुपारी अव्वाला कुशीवर वळवा. डाव्या नाही, उजव्या."

रिक्षा कोपऱ्यावर वळली. फडकं अजून केसांना तसंच होतं. तेवढीच शेवटची दिसली. दवाखान्यात ती दुसऱ्या दिवसाचा उजेड पाहू शकली नाही.

पोलीस आले, विचारून, लिहून घेऊन गेले. चाळ दोन दिवस रिकामी ठेवली. मला आणि अव्वाला दवाखान्यात सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. खोली वारा लागायला उघडी टाकली होती. शिवण्णाने नंतर झाडून घेतली तेव्हा मेलेल्या ढेकणांनी सूप भरलं. खाट मागच्या मोकळ्या जागेत जाळली. तिच्या सांध्यांतून बराच वेळ तडतड आवाज येत होता. भाकऱ्या दुरडीत होत्या, पांढऱ्या फडक्यात नीट गुंडाळलेल्या, एकही तुटकी नाही. तुटक्या तिने वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या स्थितीतही ती दारात येऊन एकेक उजेडापुढे धरत होती म्हणायची. मी काठीने दुरडी ओढली आणि खड्डा काढून फडक्यासकट सगळ्या पुरल्या.

कलघटगीचा दीर आला. अव्वाला पाहिलं, रडला, तवा आणि काठवट घेऊन गेला. अव्वाला नंतर नेतो म्हणाला. आला नाही. शिवण्णाने ती खोली रंगवून एका नवराबायकोला दिली आहे. अव्वाबद्दल तो मला काही बोलत नाही, मीही त्याला विचारत नाही. ती माझ्या खोलीत आहे. तिला मी उजव्या कुशीवर वळवते. रत्ना कुठे, असं ती कानडीत विचारते. मेली, असं मी सांगते. दुसऱ्या दिवशी परत विचारते.

मागच्या आठवड्यात माझ्या कॅलेंडरच्या मागे एक ढेकूण सापडला. मी तो चिरडला आणि हात धुतले.

त्या शुक्रवारी त्या दोन खोल्यांत आम्ही तिघी होतो. अव्वा आणि मी जगलो.